छान म्हणायचं नाही

आमच्या कॉलेजात एक समजूत आहे, की वर्गात दीडशे पोरं असली की त्यांना खरंखुरं तपासणं शक्यच नाही. मग करायचं काय? तर तपासल्याचं सोंग करायचं. पोरांनी प्रोजेक्टची फाइल आणून द्यायची, आपण ती न उघडता शेवटच्या पानावर सही ठोकायची, चाळीसपैकी पस्तीस-छत्तीस द्यायचे आणि मोकळं व्हायचं. याला अंतर्गत गुण म्हणतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण जात्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून सगळे खूश.

मी वसईतल्या त्या कॉलेजात वाणिज्य शाखेला अर्थशास्त्र शिकवते. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं, "मॅडम, फाइल वाचायची नसते, मोजायची असते." मी तरीही वाचायचे. पाच-दहा वाचायचे, वैतागायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचायचे. दोन वर्षांपूर्वी मात्र मी हट्टानं अख्खा गठ्ठा घरी आणला. विषय मीच दिला होता, 'माझ्या गावाचं अर्थकारण'.

पहिली फाइल गासच्या एका मुलीची. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास आहे, अजून शेती टिकवून असलेलं गाव. फाइल सांगत होती, 'गास हे गाव ऊस व द्राक्षे यांसाठी प्रसिद्ध असून गावालगत सहकारी साखर कारखाना आहे.' मी चष्मा पुसला. दुसरी फाइल वटारची. तिथंही ऊस, द्राक्षं आणि साखर कारखाना. तिसरी, चौथी, सगळीकडे कारखान्याची धुराडी. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं एकच तयार प्रोजेक्ट मिळत होता. कुठल्या तरी घाटावरच्या गावाचा होता तो. दुकानदार फक्त गावाचं नाव बदलून देत असे.

मग जूचंद्रची फाइल आली. नायगावच्या पूर्वेला जूचंद्र. माझं माहेर. मी तिथं जन्मले, तिथल्या खाडीकाठच्या भातशेतीत माझं बालपण गेलं. आमच्या गावाला साखर कारखाना आहे हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. फाइलवर नाव होतं माझ्या सख्ख्या भाच्याचं, माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं. हजेरी क्रमांक सत्त्याऐंशी.

भाचा माझ्याच वर्गात आहे हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना लेखी कळवलं होतं. "असू द्या हो, घरचंच पोर," असं म्हणून त्यांनी तो कागद बाजूला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गासची फाइल मोठ्यानं वाचली. एकेक जण खुसखुसायला लागला. गासची मुलगी बिनधास्त उभी राहिली. "मॅडम, ऊस आमच्याकडं फक्त रसवंतीच्या गाड्यावर बघायला मिळतो," ती म्हणाली. वर्गात हशा पिकला. मीही हसले. पण हसता हसता मला राग येत होता. पोरांचा नाही, दुकानदाराचाही नाही. इतकी वर्षं आम्ही मास्तर मंडळी या साखर कारखान्याला छत्तीस गुण देत आलो, त्याचा.

मी सगळ्या फाइली परत केल्या आणि सांगितलं, यांचे गुण शून्य. परीक्षा वेगळी होईल.

आता ही वेगळी परीक्षा मला कुठं सापडली ते सांगते. कुठल्या प्रशिक्षणात नाही. अशी प्रशिक्षणं मी भरपूर केली आहेत, आणि तिथं समोसे चांगले असतात.

जूचंद्र हे रांगोळीचं गाव. दारात काढायच्या ठिपक्यांच्या रांगोळीचं नाही, तर जमिनीवर माणसाचा चेहरा असा उमटवायचा की त्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसावं, त्या रांगोळीचं. दिवाळीत प्रदर्शन भरतं, दोरी बांधतात, दोरीपलीकडून माणसं बघत जातात. माझा भाऊ, माझा दादा, त्यातला मुरलेला गडी. एरवी हार्डवेअरचं दुकान चालवतो, पण दिवाळीआधी त्याची बोटं वळवळायला लागतात. आमच्या घरात त्याचा एक नियम होता. त्याची रांगोळी बघायला येणाऱ्या घरच्या माणसानं 'छान' म्हणायचं नाही. "छान बोलून पुडं जाऊ नको. काय दिसला ता सांग," असं तो म्हणायचा. मी लहान असताना एकदा त्याला म्हटलं, या बाईच्या कानाखाली सावली का नाही? त्यानं खरंच ती रांगोळी त्या जागी पुसली आणि पुन्हा काढली. मला त्या दिवशी जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, तेवढं पुढं पदवीच्या कागदानंही वाटलं नाही. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते दादानंच. आणि बघायला शिकवलं तेही त्यानंच.

तर मला सुचलं ते एवढंच. गर्दी मोठी आहे ना? मग गर्दीलाच तपासायला लावू. एक मास्तरीण दीडशे पोरांना प्रश्न विचारू शकत नाही, पण दीडशे पोरं एकमेकांना विचारू शकतात. जो नुसतं 'छान' म्हणून पुढं जाईल, तो नापास.

पार्किंगच्या शेडमधल्या गाड्या मी बाहेर काढायला लावल्या. फरशीवर खडूनं चौकोन आखले, प्रत्येकाला एक. विषय दिला, 'माझ्या घरचं पाणी'. ते कुठून येतं, कुठं जातं आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे चौकोनात काढून दाखवायचं. मग अर्ध्या वर्गानं आपापल्या चौकोनापाशी उभं राहायचं, उरलेल्यांनी फिरून प्रश्न विचारायचे, आणि नंतर अदलाबदल. ज्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही, तो आपल्याच चौकोनाच्या कडेला लिहायचा आणि त्याखाली विचारणाऱ्याचा हजेरी क्रमांक टाकायचा. उत्तर न येणं हा गुन्हा नाही, हे मी तीनदा बजावून सांगितलं. न आलेला प्रश्न लपवणं हा गुन्हा. आणि दुसऱ्याच्या चौकोनावर ज्याचा क्रमांक दिसेल, त्याला त्याचे गुण मिळणार.

सहकारी समोरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होते. एकानं वरूनच विचारलं, "मॅडम, लंगडी कधी सुरू होणार?" मी वर बघून म्हटलं, "तुम्ही खाली आलात की."

पहिला अर्धा तास सगळा गोंधळ. पोरं लाजत होती, एकमेकांच्या चौकोनात पाय टाकत होती. मग हळूहळू काहीतरी सुरू झालं. नालासोपाऱ्याच्या एका इमारतीत राहणाऱ्या पोरानं टँकर काढला होता. त्याला कुणीतरी विचारलं, टँकरवाला पाणी कुठून भरतो? त्यानं खाली बसून तो प्रश्न लिहिला आणि तासाभरानं तोच माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, हा टँकर वटारच्या बाजूच्या विहिरीवर भरतो म्हणे. ती विहीर आपल्या वर्गातल्या त्या वटारच्या मुलीच्या काकांची आहे." दोघं एकाच बाकावर जूनपासून बसत होते. एक पाणी विकत घेणारा, दुसरी विकणाऱ्यांच्या घरची, आणि हे त्यांना त्या फरशीवर कळलं. मागणी आणि पुरवठा मी फळ्यावर किती वर्षं शिकवत होते! मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या.

आणि मग भाच्याचा चौकोन.

तिथं सगळ्यात जास्त गर्दी होती. कारण चित्र सगळ्यात देखणं होतं. साध्या पांढऱ्या खडूनं त्यानं मिठागर काढलं होतं, गावातलं पाणी उतरून जिकडं जायचं ते. मिठाचे वाफे, मधले बांध, खाडीचं पाणी आत घेणारी झडप, आणि मिठाच्या राशींवर पडलेलं ऊन. खडूनं ऊन काढणं सोपं नाही. पोरं मोबाइलनं फोटो काढत होती. गासची मुलगी दोरी नसतानाही दोरी असल्यासारखी थोडी लांब उभी राहून बघत होती. मग तिनं विचारलं, "हे मिठागर आहे कुठं?"

"होतं ना, आमच्या गावाबाहेर," भाचा म्हणाला.

"होतं ते कळलं. आता तिथं टॉवर आहेत. मी बघितलेत ट्रेनमधून. पण मग तुमच्या घरचं पाणी आता कुठं जातं?"

भाचा हसला. त्याचं हसू गोड आहे, लहानपणापासून त्यानं बरीच कामं त्या हसण्यावर निभावली आहेत. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मग लिही," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं नाही. मी चार पावलांवर उभी होते, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तरीही लिहिलं नाही. कडेला अक्षरं आली असती तर चित्र खराब झालं असतं.

अदलाबदलीनंतर तो फिरला. सगळीकडे फिरला. "छान," "मस्त," "भारी काढलंयस यार." मी शेवटी चौकोन न् चौकोन बघत गेले. कुठल्याही कडेला सत्त्याऐंशी हा आकडा नव्हता.

मी त्याला चाळीसपैकी अकरा दिले. पास व्हायला सोळा लागतात. सोळाच्या खाली राहिलेली तीसेक पोरं होती, तो त्यातला एक. आणि पस्तीसच्या वर गेलेली मोजकी, त्यात गासची मुलगी.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. वहिनीचा फोन आला. "घरचा पोर तुना दिसला नाय का?" एवढंच विचारून तिनं ठेवला. प्राचार्यांनी बोलावलं. वाईट माणूस नाही तो, दमलेला माणूस आहे. निकाल पडला की पुढच्या वर्षीचे प्रवेश पडतात, प्रवेश पडले की तुकडी जाते, हे गणित त्यांना झोपेतही दिसत असावं. ते म्हणाले, "मॅडम, विद्यापीठाच्या समितीनं पुरावा मागितला तर काय दाखवू? फरशी तर धुतली."

"फाइलीत साखर कारखाना होता, तो पुरावा चालत होता तुम्हाला," मी म्हटलं.

"तो निदान छापील होता."

मी खोटं बोलणार नाही, मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ते म्हणाले, शुक्रवारी गुण संगणकावर कायमचे बंद होतील, त्याआधी सगळ्यांना सोळाच्या वर न्या. मी म्हटलं, नेणार नाही. ते म्हणाले, निदान भाच्याला न्या. मी म्हटलं, त्याला नेलं तर तीसही जणांना न्यावं लागेल. ते म्हणाले, मग न्या की!

मी नाही म्हणून बाहेर पडले. प्राचार्यांची भीती मला कधीच वाटली नाही. भीती वाटत होती ती दादाची. ज्यानं मला वाढवलं, त्याच्या पोराचं वर्ष माझ्या सहीनं अडकणार होतं. आणि दादानं नुसतं "बाय, बग ना जरा" असं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही.

प्राचार्यांना हे बरोबर कळलं होतं. गुरुवारी त्यांनी दादालाच बोलावून घेतलं. मी केबिनमध्ये शिरले तेव्हा दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि भाचा भिंतीला टेकून उभा होता. दादानं माझ्याकडे बघितलं नाही.

"बघा," प्राचार्य त्याला म्हणाले, "तुमच्या बहिणीनं तुमच्याच मुलाला नापास केलंय. आम्ही सांगून दमलो. आता तुम्हीच समजवा. तुम्ही एक शब्द टाका, सगळ्यांचंच भलं होईल."

म्हणजे सगळं दादाच्या एका शब्दावर आलं. त्याचा पोरगा, ती तीस पोरं, आणि मी फरशीवर मांडलेलं सगळं काही.

दादा पोराला म्हणाला, "फोटो हाय का तुज्या चित्राचा?"

भाच्यानं मोबाइल दिला. दादानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. दुकानात बिजागरी तपासतो तसं तपासलं. मग म्हणाला, "यो मिठागर माजा हाय."

"तुमची जमीन आहे का तिथं?" प्राचार्यांनी सावरून बसत विचारलं.

"जमीन नाय, सायेब. रांगोली. ही माजी रांगोली हाय, मी काडलेली. यो तवा लान व्हता, बाजूला बसून बगायचा. मी काडला तवा मिठागर व्हता. आता तितं भराव हाय." तो पोराकडे वळला. "त्या पोरीनं काय इचारला तुना?"

"पाणी आता कुठं जातं, असं."

"मंग?"

"माहीत नव्हतं."

"लिवलास?"

"नाही. चित्र खराब झालं असतं, बाबा."

"आनि दुसऱ्यांच्या चित्रांना काय बोललास?"

भाचा अगदी हळू म्हणाला, "छान."

आमच्या घरातलं माणूस असाल तरच तुम्हाला कळेल की त्या एका शब्दानं दादाचा चेहरा का बदलला. नापास होणं त्यानं पचवलं असतं. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बाय, अकरा कशाचं दिलंस?"

"हात चांगला आहे त्याचा," मी म्हटलं. "रेघांचे दिले."

"रेघा माज्या हायेत," दादा म्हणाला. "ते बी काड."

प्राचार्य एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. असे पालक त्यांनी आधी पाहिले नसावेत. मी मात्र अकराचे शून्य केले नाहीत. भावासाठी गुण वाढवणार नव्हते, तर भावासाठी कमी तरी का करू? खडूनं ऊन त्या पोरानंच काढलं होतं, ते दादाच्या बोटांचं नव्हतं. अकरा म्हणजे अकरा. शुक्रवारी ते तसेच बंद झाले, आणि त्यांच्याबरोबर त्या तीस जणांचेही.

प्राचार्य नंतर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी हे चालणार नाही." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी चौकोन मोठे आखणार आहे, कडा पुरल्या नाहीत." त्यांनी हात जोडले. नमस्कार होता की शरणागती, मी विचारलं नाही.

भाच्याची पुनर्परीक्षा दिवाळीच्या सुट्टीनंतर होती. पण मला उत्सुकता आणि धाकधूक होती ती दिवाळीची. माहेरी जायचं की नाही? वहिनी बोलत नव्हती. शेवटी मी मनाशी म्हटलं, मी काही चोरी केलेली नाही, आणि भाऊबीजेच्या दिवशी ताठ मानेनं जूचंद्रला गेले. वहिनीनं पाट मांडला, करंज्या वाढल्या, शब्द मात्र वाढला नाही. ओवाळताना दादा म्हणाला, "चल, रांगोली बगू."

आम्ही प्रदर्शनात गेलो. दोरीपलीकडे दादाची रांगोळी होती, आणि तिच्यापुढं माणसं नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत होती. यंदा देव नव्हता, बाई नव्हती, मिठागरही नव्हतं. आमचीच गल्ली होती. पावसाळ्यातली. मागं टॉवर, मधे भरावाचा लाल ढीग, आणि पुढं गुडघाभर पाण्यात आमच्या घराचा उंबरठा. उंबऱ्यावर वहिनीच्या चपला तरंगत होत्या. इतकी सुंदर कुरूप गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. माझ्या तोंडात शब्द आला होता, मी तो गिळला.

भाचा दोरीच्या आत, रांगोळीच्या बाजूला उभा होता. एक म्हातारा त्याला विचारत होता, हा भराव कुठपर्यंत आलाय, आणि तो हातवारे करून सांगत होता. मधल्या काळात तो गावातला नाला न् नाला चालून आला होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. मला बघून तो हसला नाही. फक्त बोटानं खाली दाखवलं.

रांगोळीच्या कडेला, जिथं एरवी दादा स्वतःचं नाव टाकतो, तिथं नाव नव्हतं. पांढऱ्या रांगोळीत एक प्रश्न लिहिला होता, 'ह्या पाण्यानं आता जायचं कुठं?' दादाला त्याचं उत्तर आलं नव्हतं. आणि त्याखाली, विचारणाऱ्याच्या जागी, दादाच्या वळणदार हातानं काढलेला आकडा होता, सत्त्याऐंशी.